एकाच भुलीत सगळं तोंड: विशेष रुग्णांच्या दंतोपचार सेवेचं परीक्षण

या सेवेची जाहिरात बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात असते: मुलाला झोपवू आणि सगळे दात एका दिवसात करून देऊ. वाक्य खरं आहे. पण त्या एका दिवसासाठी जे पैसे आणि जी जोखीम आपण पत्करतो, त्यांचं चीज झालं की नाही हे त्या दिवशी कळत नाही. ते दोन वर्षांनी कळतं, पुन्हा भूल द्यावी लागली की नाही यावरून. म्हणून या परीक्षणात कुठल्या एका रुग्णालयाला गुण दिलेले नाहीत. महाराष्ट्रात आणि गोव्यात ही सेवा जशी मिळते तशी ती पायरीपायरीने तपासली आहे, आणि माप एकच ठेवलं आहे: हे केल्याने दुसरी भूल टळेल का?

आधी कुणाला हिची गरज असते ते. स्वमग्न मुलं, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक दिव्यांगत्व, न आवरणारी आकडी, आणि हेच सगळं असलेली मोठी माणसंही. तिशीतला मुलगा खुर्चीवर तोंड उघडत नसेल तर त्याचा प्रश्न पाच वर्षांच्या मुलापेक्षा अवघड असतो, कारण त्याला धरून ठेवता येत नाही आणि बालदंततज्ज्ञ ‘आमच्या वयोगटात बसत नाही’ म्हणतात. अर्थात विशेष गरज आहे म्हणजे भूल हवीच, असं मुळीच नाही. तीन-चार भेटी देऊन, खुर्ची-दिवा-आरशाची ओळख करून देऊन कितीतरी मुलं नीट बसतात. काहींना सौम्य गुंगी आणणाऱ्या नायट्रस ऑक्साइडच्या वायूवर काम करून घेता येतं, पण त्यासाठी नाकावर मास्क टिकायला हवा आणि नाकानेच श्वास घेता यायला हवा. एकदोन दातांची वरवरची कीड असेल तर ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून ती थोपवता येते. ते लावायला मिनिटभर पुरतं, सुई-ड्रिल काही लागत नाही, फक्त किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पहिल्याच भेटीत, तोंडात न बघता, ‘भूलच द्यावी लागेल’ असं सांगणारा दवाखाना आमच्या मते इथेच पहिल्या कसोटीत नापास होतो.

सेवा मिळण्याची ठिकाणं ढोबळमानाने तीन. पहिलं, शासकीय आणि पालिकेची दंत महाविद्यालयं: मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, शिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि गोव्यात बांबोळीला. इथे लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो, हात सरावलेले असतात, खर्च कमी. अडचण ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची. भूल द्यायची तर ओटी, भूलतज्ज्ञ आणि नंतरची खाट या तिन्ही गोष्टी एकाच सकाळी जुळाव्या लागतात, आणि तातडीच्या शस्त्रक्रियांपुढे दातांची केस मागे सरकते. थांबावं लागतं. या काळात दुखणं वाढलं, गालावर सूज आली, ताप आला तर तारखेची वाट बघू नका, सरळ तातडीच्या विभागात जा आणि तसं केसपेपरवर लिहून घ्या.

दुसरं, खासगी रुग्णालयातली डे-केअर ओटी. दंततज्ज्ञ आपली हत्यारं, फिरतं ड्रिल युनिट आणि हातात धरायचं एक्स-रे यंत्र घेऊन तिथे येतात. तिसरं, दंतवैद्याचंच क्लिनिक, जिथे भूलतज्ज्ञ ठरवून बोलावलेले असतात. हे तिसरं स्वस्त आणि सोयीचं दिसतं. साध्या प्रकृतीच्या, मोठ्या वयाच्या मुलासाठी सगळी सामग्री असेल तर ते चालूही शकतं. पण आकडी येणाऱ्या, हृदयाला छिद्र असलेल्या किंवा झोपेत घोरून श्वास अडकणाऱ्या रुग्णासाठी आम्ही ते सुचवणार नाही. भुलीत काही बिघडलं तर ते मिनिटांत सावरावं लागतं, आणि लिफ्टने खाली उतरून रुग्णवाहिकेत जायला मिनिटं पुरत नाहीत. इंग्लंडमध्ये २००१ च्या अखेरीपासून दंतवैद्याच्या क्लिनिकात पूर्ण भूल देणं बंदच केलं आहे. ती रुग्णालयात, अतिदक्षतेची सोय असेल तिथेच देतात. आपल्याकडे हा निर्णय पालकांवर येऊन पडतो, म्हणून विचारायचंच: कॅप्नोग्राफ आहे का? म्हणजे रुग्णाच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र. भुलीत श्वासासाठी घातलेली नळी श्वासनलिकेतच आहे हे त्यावरून सर्वात खात्रीने कळतं. ‘पल्स ऑक्सिमीटर आहे ना’ हे त्याचं उत्तर नव्हे. ऑक्सिजन उतरल्याचं बोटावर दिसेपर्यंत मौल्यवान वेळ गेलेला असतो.

फिटनेस आणि कागद

भूलतज्ज्ञांची तपासणी, जिला सगळे ‘फिटनेस’ म्हणतात, ती आदल्या आठवड्यात झाली पाहिजे. ओटीच्या दारात झालेली तपासणी म्हणजे सही घेण्यापुरता सोपस्कार. रक्ताच्या साध्या चाचण्या सगळ्यांच्याच होतात, पण विशेष रुग्णांचे मुद्दे वेगळे असतात आणि ते माहीत आहेत का यावरून ती टीम कळते.

डाऊन सिंड्रोम असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि थायरॉइडची तपासणी. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो, त्यामुळे नळी घालताना आणि वरच्या दाढांचं काम करताना मान मागे वाकवायची नाही, हे दंतवैद्यालाही ठाऊक हवं. या मुलांची श्वासनलिका वयाच्या मानाने अरुंद असते, म्हणून नेहमीपेक्षा लहान मापाची नळी जवळ लागते. वायूची भूल चढताना त्यांचे ठोके मंदावतात, तेव्हा ठोके वाढवणारं ॲट्रोपिन भरून ठेवलेलं असावं. आकडीच्या गोळ्या त्या दिवशी सकाळी चुकवायच्या नाहीत. घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी द्यायच्या. हे सांगायचं राहतं, ‘उपाशी’ म्हणजे औषधही नाही असं घरचे समजतात, आणि संध्याकाळी आकडी येते. आकडीसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर प्लेटलेट्स आणि रक्त गोठण्याची चाचणी हवी, कारण दाढ काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागू शकतो. आकडीसाठी किटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, साखर-पिष्ट अगदी कमी) चालू असेल तर सलाइनमध्ये ग्लुकोज नको आणि साखर घातलेलं सिरपही नको. ड्यूशेनसारखा स्नायूंचा आजार असेल तर स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन पूर्ण वर्ज्य आणि भुलीचे वायूही टाळायचे. ही केस मोठ्या रुग्णालयातच.

हृदयविकार असलेल्या प्रत्येकाला आधी अँटिबायोटिक लागतं असं नाही. कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग, दुरुस्त न झालेला निळसर पडणारा जन्मजात दोष, अशा ठरावीक रुग्णांनाच ते देतात. तोंडाने अमॉक्सिसिलिन किलोला ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २ ग्रॅम, कामाच्या अर्धा ते एक तास आधी. हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणलेली बरी.

सर्दी हे तारीख पुढे जाण्याचं सर्वात मोठं कारण. नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड, ओला खोकला, ताप असेल तर दोन ते चार आठवडे थांबतात, कारण चिडलेली श्वासनलिका भुलीत आखडते. ज्या मुलाचं नाक बारा महिने गळतं, त्याच्या बाबतीत ‘नेहमीइतकंच आहे की जास्त’ हे आईच सांगू शकते. तो प्रश्न विचारणारे भूलतज्ज्ञ मिळाले तर नशीब समजावं.

संमतीच्या कागदाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे बहुतेक सेवा कमी पडतात. दोन गोष्टी. एक: रुग्ण १८ पूर्ण झाला की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घेता येतं. समितीत जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचे अधिकारी असतात. रुग्णालयाने हा कागद ओटीच्या सकाळी मागितला तर केस रद्द होते, म्हणून अर्ज आधीच टाकून ठेवावा. दोन: ज्याने कधी तोंड उघडून दाखवलं नाही त्याचा उपचार आधी नक्की ठरवता येत नाही. एक्स-रे भुलीतच निघतो. तेव्हा ‘१२ फिलिंग, ४ कॅप’ असा छापील आकडा देणारा अंदाज फसवा असतो. चांगली टीम संमती एका पट्ट्यात घेते, कमीत कमी एवढं आणि जास्तीत जास्त एवढं, आणि एक्स-रे निघाल्यावर दंततज्ज्ञ स्वतः बाहेर येऊन किंवा फोनवर सांगतात: सहा दात वाचतील, दोन काढावे लागतील, एक काठावर आहे, तुमचं काय म्हणणं? त्या पाच मिनिटांसाठी आई-बाबांपैकी कुणीतरी ओटीबाहेर हजर असावं, दोघंही कँटीनमध्ये किंवा बिलिंगच्या रांगेत नकोत.

उपाशी पोट

अजूनही कितीतरी ठिकाणी ‘रात्री १२ नंतर पाण्याचा थेंब नाही’ असं सांगतात. ही पद्धत जुनी झाली आणि विशेष मुलांच्या बाबतीत त्रासाची आहे: तहानलेलं, भुकेलं मूल औषध घेत नाही, शीर सापडत नाही. सर्वमान्य नियम असा: तळलेलं किंवा जड जेवण आठ तास आधी बंद, हलकं खाणं आणि वरचं दूध सहा तास आधी, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा, ताक, सूप ही सगळी दुधा-जेवणात धरायची, पाण्यात नाही. पोटाच्या नळीवाटे दिलं जाणारं फीडही सहा तास. सेरेब्रल पाल्सीत अन्न उलटून वर येण्याचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञ यात बदल करतील, त्यांचं ऐकावं.

सकाळी ७ ला घरात इतरांचा नाश्ता चालू असेल तर हे मूल कुणाच्या तरी ताटातली पोळी उचलणार, हे गृहीत धरावं. डबे, बिस्किटांचा पुडा, आजीच्या पिशवीतलं केळं, सगळं नजरेआड. तरीही काही तोंडात गेलंच तर लपवू नका. तारीख पुढे गेली तर फक्त सुट्टी वाया जाते. भरल्या पोटी भूल दिली आणि अन्न फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

सकाळची पहिली केस मागून घ्या. ही एकच गोष्ट पदरात पाडून घेतली तरी निम्मी लढाई जिंकली. ओटीत नेण्याआधी तोंडाने द्यायचं गुंगीचं औषध, मिडाझोलाम, साधारण किलोला ०.५ मिलिग्रॅम देतात; म्हणजे २० किलोच्या मुलाला १० मिलिग्रॅम. ते कडू असतं, २० ते ३० मिनिटांत चढतं आणि पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात उतरू लागतं. आधीची केस लांबली की औषध वाया जातं, आणि अर्धवट गुंगीत चिडलेलं मूल सांभाळणं औषध न दिलेल्या मुलापेक्षा कठीण. गोळी-सिरप थुंकणाऱ्यांसाठी नाकात सोडायचं डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध असतं. ते झोंबत नाही, पण चढायला ३० ते ४५ मिनिटं घेतं. धिप्पाड तरुण दंडाला हात लावू देत नसेल तर केटामीन या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन स्नायूत द्यावं लागतं. ते कोण देणार, कुठल्या खोलीत देणार, त्या वेळी कुणी धरायचं, हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं. कॉरिडॉरमध्ये सहा वॉर्डबॉयनी मिळून धरणं म्हणजे नियोजन नव्हे, आणि त्याची दहशत त्या मुलाच्या मनात पुढच्या प्रत्येक पांढऱ्या कोटासाठी राहते.

हिरवा गाऊन, मनगटाची पट्टी, हातावरचा चिकटपट्टीचा स्पर्श, यांतलं काय सहन होत नाही ते आधीच लिहून द्यावं. घरच्या सुती कपड्यांत ओटीत जाऊ देणं, दिवे मंद करणं, मास्क चढेपर्यंत आईला आत उभं राहू देणं, याला पैसे लागत नाहीत. सलाइन लावण्याच्या जागी एमला हे बधिर करणारं मलम लावून वरून प्लास्टिकची पट्टी बांधून तासभर ठेवलं तर सुई टोचत नाही. मलम पाच मिनिटं आधी लावणारी ठिकाणं ते नावापुरतं लावतात.

ओटीच्या आत

भूल चढली की नळी नाकातून घालतात, म्हणजे तोंड कामाला मोकळं राहतं. नाकात आधी रक्तवाहिन्या आखडवणारे थेंब घालतात, तरी थोडं रक्त येऊ शकतं. दुसऱ्या दिवशी शेंबडात रक्ताची रेघ दिसली तर घाबरू नये. मग येतो घशातला पॅक. ओल्या गॉझची पट्टी घशात बसवतात, पाणी, रक्त आणि दाताचा चुरा खाली जाऊ नये म्हणून. ही पट्टी आत राहून गेली तर नळी काढल्यावर श्वास कोंडतो. चांगल्या ओटीत तिचं एक टोक ओठाबाहेर, गालावर चिकटवलेलं दिसतं. फळ्यावर ‘थ्रोट पॅक १, आत ९.४०’ असं लिहितात, आणि काढल्यावर सिस्टर मोठ्याने म्हणतात ‘पॅक आउट’ आणि शेजारी वेळ टाकतात. पालकांना हे बघायला मिळत नाही, पण विचारता येतं: पॅकची नोंद कुठे करता? ‘आमच्या लक्षात असतं’ हे उत्तर मिळालं तर दुसरीकडे बघावं. तीच गोष्ट काढलेल्या दातांची. ट्रेमध्ये मोजून ठेवतात. एक कमी भरला तर छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय रुग्णाला उठवत नाहीत.

कामाचा क्रम असा असतो: एक्स-रे, दात साफ करणं, मग रबर डॅम लावून भरणं, नसांचं काम आणि कॅप, आणि दात काढणं सर्वात शेवटी, म्हणजे रक्ताने बाकीचं काम बिघडत नाही. रबर डॅम हा रबराचा चौकोनी पडदा. दात कोरडा राहिला तरच सिमेंट धरतं. तो न लावता केलेली दहा फिलिंगं दीड तासात उरकतात आणि सहा महिन्यांत सुटू लागतात. वेगाचं कौतुक करताना हे लक्षात ठेवावं.

आणि इथेच आमचं मूळ माप लागू होतं. नेहमीच्या रुग्णात आपण दात शक्य तितका कमी कोरतो, बघू पुढे म्हणतो. इथे ‘बघू पुढे’ म्हणजे दुसरी भूल. म्हणून दुधाच्या दाढेला दोन बाजूंनी कीड असेल तर फिलिंगपेक्षा स्टीलची कॅप बरी. ती दात पडेपर्यंत टिकते आणि दात खाणाऱ्या मुलाच्या जबड्याखालीही झिजून जात नाही. नस अर्धी वाचवायची तर वरचा खराब भाग काढून एमटीए किंवा बायोडेंटिन हे सिमेंट भरतात, याला पल्पोटॉमी म्हणतात. नस पूर्ण गेलेली, मुळाशी पू झालेली दुधाची दाढ ओढूनताणून ठेवण्यापेक्षा काढलेली चांगली. मोठ्या माणसात प्रश्न अधिक कठीण. एका दाढेचं रूट कॅनाल एकाच बैठकीत करायला तास-दीड तास जातो. पुढचा दात वाचवायलाच हवा. मागची खिळखिळी दाढ वाचवण्यात सगळी भूल खर्च झाली तर बाकीचं तोंड तसंच राहतं. लॅबमधून येणारी कॅप पुन्हा बसवायला यावं लागतं, आणि ती बैठक जागेपणी होणार नसेल तर काय करणार हे आधीच विचारा. पक्क्या दाढांसाठीही तयार स्टीलच्या कॅप मिळतात. दिसायला चांदीच्या, पण त्याच दिवशी बसतात. पांढऱ्या झिरकोनियाच्या कॅपसाठी दात जास्त घासावा लागतो, त्या महाग पडतात, आणि रात्रभर दात खाणाऱ्याच्या बाबतीत आम्ही तरी स्टीललाच मत देऊ. काढघालीची कवळी मात्र आकडी येणाऱ्याला सुचवू नये. ती तुटून घशात जाऊ शकते.

आकडीच्या फेनिटॉइन या औषधाने हिरड्या वाढून दात झाकले गेले असतील तर त्या याच भुलीत कापून घेतात. पण औषध तेच राहिलं आणि ब्रश झाला नाही तर त्या पुन्हा वाढतात. औषध बदलायचं का, हे मेंदूविकारतज्ज्ञच ठरवतील.

भुलीत असताना दातांभोवती बधिर करण्याचं इंजेक्शन द्यावं का, यावर मतभेद आहेत. दिलं तर जागं होताना दुखत नाही. पण बधिर ओठ म्हणजे काय हे ज्याला कळत नाही तो ओठ चावून चावून सोलून काढतो, आणि मग दातापेक्षा तीच जखम आठवडाभर छळते. मधला मार्ग: संपूर्ण जबडा बधिर करणारा ब्लॉक न देता, काढलेल्या दाताभोवतीच थोडं औषध. दोन टक्क्यांच्या लिग्नोकेनची, म्हणजे या बधिर करणाऱ्या औषधाची, बालदंततज्ज्ञ पाळतात ती मर्यादा किलोला ४.४ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला सगळं मिळून ४.४ मिलिलिटर, चारही कोपऱ्यांत काम असेल तर हा हिशेब ठेवावाच लागतो. शिरेतून पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम आणि उलटीचं औषध हे तर जवळपास सगळेच देतात.

फार थोडी ठिकाणं स्वतःहून सुचवतात अशी एक गोष्ट आहे आणि ती लाखमोलाची आहे. मूल झोपलेलंच आहे तर एरवी जे जमत नाही ते उरकून घ्यायचं: वर्षभर राहिलेली रक्ततपासणी, कानातला मळ, डोळ्यांची तपासणी, नखं, राहिलेली लस. मोठ्या मुलींची स्त्रीरोगतज्ज्ञांकडची तपासणीही, मात्र स्वतंत्र संमतीने आणि गरज असेल तरच. त्या डॉक्टरांना तारीख आठवडाभर आधी कळवावी लागते. वीस मिनिटं वाढतील, पण एक भूल वाचेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त वेळ दिलेल्या भुलीबद्दल इशारा दिला होता. एका छोट्या भुलीने घाबरून जावं असा तो नाही, पण ‘अर्धं आज, अर्धं पुढच्या महिन्यात’ असं सुचवणाऱ्या टीमला त्याचं कारण नक्की विचारावं.

उठताना, आणि बिल

सेव्होफ्लुरेन या भुलीच्या वायूवरून उठताना काही मुलं भान नसल्यासारखी आक्रोश करतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. हे बहुतेक अर्ध्या तासात शमतं. भूल संपवताना शिरेतून थोडं प्रोपोफोल हे भुलीचं औषध दिलं, खोली अंधारी-शांत ठेवली आणि ओळखीचा आवाज जवळ असला तर ते सौम्य राहतं. म्हणून उठण्याच्या खोलीत आईला बोलावतात की दारावर ‘प्रवेश बंद’ असतो, हे पाहा. हातातलं सलाइन उपटून काढण्याची भीती असेल तर वर क्रेप बँडेज आणि त्यावर मोजा. जुनाच पण हमखास उपाय.

पाणी पोटात टिकलं, लघवी झाली, रक्त थांबलं, नेहमीसारखी हालचाल आली की बहुतेकांना संध्याकाळी घरी सोडतात. झोपेत श्वास अडकणारे, आकडी आटोक्यात नसलेले, किंवा दोनशे किलोमीटरवरून आलेले, यांनी रात्र रुग्णालयातच काढावी. ‘डे-केअर पॅकेज आहे’ म्हणून त्यांना रात्री ९ ला गाडीत बसवणं चूक आहे.

बिलात ओटीचं भाडं, भूलतज्ज्ञ, दंततज्ज्ञ, कॅप-साहित्य, औषधं आणि खाट अशा ओळी वेगळ्या मागा. ओटी तासावर आहे की ठोक, हे विचारा, कारण तासावर असेल तर घाई होते आणि घाईत रबर डॅम गळतो. केस सर्दीमुळे रद्द झाली तर अनामत परत मिळते का, तेही लेखी घ्या. नेहमीच्या आरोग्य विम्यात अपघात सोडून दातांचे उपचार बहुधा वगळलेले असतात. ‘भरती झालो म्हणजे मिळेल’ असं धरून चालू नका, आधी कंपनीचं लेखी उत्तर मागवा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे, पण ते उपप्रकारांत विभागलेलं आहे आणि पैसे आधी भरून मग परत मागायचे असतात. त्यामुळे मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि भूल का द्यावी लागली याचं कारण लिहिलेलं दंततज्ज्ञांचं पत्र जपून ठेवावं. सरकारी रुग्णालयात असाल तर आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या माणसाला, गाठावं.

घरी पहिल्या दिवशी मऊ आणि कोमट: पेज, वरण-भात कालवून, दही, मऊ खिचडी. दात काढला असेल तर स्ट्रॉ नको, चूळ जोरात नको. चावायला दिलेला गॉझ गिळण्याची शक्यता असेल तर तो देऊच नये. टाके घालून गॉझ टाळा असं आधीच सांगता येतं, आणि ते टाके विरघळणारेच हवेत, म्हणजे काढायला यावं लागत नाही. घसा दोन दिवस खवखवतो, थोडा ताप येतो. पण ताप १०१ च्या पुढे गेला, रक्त थांबेना, किंवा आठ तास लघवी झाली नाही तर फोन करायचा, आणि तो फोन रात्री कोण उचलतं हे निघण्याआधी विचारून घ्यायचं. न बोलणारं मूल दुखतंय असं सांगत नाही. ते गाल चापटतं, जेवत नाही, रात्री जागतं. वेदनाशामक औषध ‘मागेल तेव्हा’ नको, पहिले दोन दिवस वेळेवर द्यावं.

यानंतरचा भाग सेवेत असायला हवा आणि बहुतेक पॅकेजमध्ये नसतो. कीड जिथून आली ते सगळं घरी तसंच असतं: आकडीचं गोड सिरप, थेरपीत बक्षीस म्हणून मिळणारी चॉकलेटची वडी, रात्रीची दुधाची बाटली, गालात तासभर साठून राहणारी पोळी. सिरपऐवजी गोळी चालेल का हे विचारता येतं. बक्षीस म्हणून आवडीचं खेळणं चालतं. औषधानंतर दोन घोट पाणी देता येतं. ब्रश मोठ्या माणसानेच करायचा, मुलाच्या मागे उभं राहून, डोकं आपल्या छातीला टेकवून, किंवा दोघांनी गुडघ्याला गुडघे लावून बसून मुलाला मांडीवर आडवं घेऊन. पेस्ट किमान १००० पीपीएम फ्लोराइडची. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. तोंड उघडं राहत नसेल तर दोन बाजूंनी एकदम घासणारे ब्रश मिळतात.

दोन आठवड्यांनी पहिली भेट, मग दर तीन महिन्यांनी फ्लोराइड व्हार्निश. हे व्हार्निश लावायला दोन मिनिटं लागतात आणि आईच्या मांडीवर बसूनही लावता येतं. चांगल्या सेवेत या भेटीचं दुसरं काम असतं खुर्चीची सवय लावणं: पहिल्यांदा फक्त खोलीत येऊन जायचं, दुसऱ्यांदा खुर्ची वर-खाली करायची, तिसऱ्यांदा आरसा ओठाला लावायचा. भेट ठरावीक वारी, त्याच खोलीत, त्याच डॉक्टरांकडे. आणि फाइलमध्ये एक कागद हवा, तो मागून घ्या: मास्क कसा घेतला, किती मिडाझोलामने काम झालं, नळी कुठल्या नाकपुडीतून आणि कुठल्या मापाची गेली, उठताना काय झालं, कुठल्या दाताला काय केलं, आणि भुलीत काढलेल्या एक्स-रेंची प्रत.